ज्वारीचा हप्ता

आरोग्य विम्याचा इतिहास सांगताना बहुतेक जण कायद्यापासून सुरुवात करतात. आधी १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा, मग सरकारी नोकरांच्या योजना, आणि शेवटी अलीकडची कार्डे. मला मात्र हा इतिहास वर्धा जिल्ह्यातल्या खळ्यापासून सांगावासा वाटतो. १९८०च्या आसपास सेवाग्रामजवळच्या काही गावांनी आरोग्य विम्याचा हप्ता ज्वारीत भरला. आज योजना मोठ्या आहेत, रकमा मोठ्या आहेत. पण त्या ज्वारीने जे एकत्र बांधले होते ते आज सुटे झाले आहे, असे माझे मत आहे. मी डॉक्टर नाही. नोकरी सांभाळून जुने अहवाल आणि लेख वाचत आलेला माणूस आहे. त्यामुळे पुढे जे मांडतो आहे त्याला वैद्यकापेक्षा हिशेबाची बाजू अधिक आहे.

प्रश्न जुनाच आहे. १९४३मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६मध्ये आपला अहवाल दिला. त्यातली दोन सूत्रे आजही वाचण्यासारखी आहेत. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे पहिले. आणि आजार होऊ न देण्याचे काम व झालेला आजार बरा करण्याचे काम एकाच यंत्रणेत असावे, हे दुसरे. स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली, पण विमा आला तो कारखान्यातल्या कामगारासाठी. १९५२मध्ये कानपूर आणि दिल्लीत कामगार विमा योजना सुरू झाली. तिची रीत सोपी होती: पगारातून वर्गणी कापायची आणि मालकाने आपली भर घालायची. शेतमजुराकडे पगारपत्रक नाही आणि ठरलेला मालकही नाही. त्याच्याकडून वर्गणी घ्यायची कुठून आणि केव्हा, याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते.

हे उत्तर सेवाग्रामला शोधले गेले. डॉ. सुशीला नय्यर यांनी उभारलेले कस्तुरबा रुग्णालय तिथे होते. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९मध्ये, त्याला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. तिथले डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी आसपासच्या गावांत जाऊ लागले आणि त्यातून ज्वारीची योजना आकाराला आली.

नियम थोडकेच होते. हप्ता सुगीला गोळा करायचा आणि तो ऐपतीप्रमाणे असायचा. भूमिहीनाने थोडी ज्वारी द्यायची, जमीनवाल्याने जमिनीच्या मानाने अधिक. गावातल्या साधारण ७५ टक्के कुटुंबांनी, त्यातही गरिबांनी, सहभागी व्हायला हवे. नाहीतर त्या गावात योजना नाही. निर्णय गावाच्या सभेत व्हायचे. जमलेल्या निधीतून प्रामुख्याने गावातल्या आरोग्य सेवकाचे मानधन आणि साध्या औषधांचा खर्च भागायचा. रुग्णालयाचे पथक ठरल्याप्रमाणे गावात येऊन लसीकरण करी, गरोदर बायकांना तपासी. अचानक आलेल्या आजारात रुग्णालयात भरती व्हावे लागले तर सभासदाला उपचार मोफत. नेहमीचे बाळंतपण किंवा मोतीबिंदू अशा आधी माहीत असलेल्या गोष्टींसाठी मात्र खर्चाचा काही भाग भरावा लागे.

या नियमांमागचा विचार मला फार शहाणा वाटतो. मजुराच्या घरात आषाढ-श्रावणात दाणाही नसतो. तेव्हा वर्गणी मागितली तर ती बुडणारच. सुगीला दाणे असतात, म्हणून तेव्हा मागायची. ७५ टक्क्यांच्या अटीमागे तर विम्याचे मूळ गणितच आहे. फक्त आजारी माणसांनी पैसे भरले तर तो विमा राहत नाही, नुसतीच आगाऊ भरलेली फी होते. धडधाकट कुटुंबेही आत असली तरच एकाचा भार अनेकांत वाटला जातो. अचानक आलेल्या आजाराला मोफत आणि ठरलेल्या गोष्टीला थोडी फी, यामागेही हाच हिशेब आहे.

माझ्या लहानपणी आमच्या गावात लोहार-सुतारांना वर्षाच्या कामाबद्दल खळ्यावर धान्य मिळे. ज्वारीच्या योजनेबद्दल वाचताना मला ते बलुते आठवले. वर्षभराच्या सेवेचा मोबदला सुगीला, धान्यात. हा सांगाडा गावाच्या ओळखीचा होता. फरक मोठा होता, तो विसरून चालणार नाही. बलुत्यात जात होती, आणि घेणाऱ्याला मान खाली घालून उभे राहावे लागे. इथे ज्वारी घेणारे होते मोठे रुग्णालय आणि देणाऱ्यांत भूमिहीन मजूरही होता. ज्याने दाणे मोजून दिले, त्याला सभेत उठून ‘पथक या महिन्यात का आले नाही?’ असे विचारता येते. फुकट मिळालेल्या गोष्टीबद्दल असे विचारायला जीभ रेटत नाही.

या योजनेचे गोडवेच गावेत असे मात्र मी म्हणणार नाही. जमलेल्या ज्वारीतून रुग्णालयाचा खर्च भागत नव्हता, भागणारही नव्हता. सेवाग्रामच्या संस्थेचा बहुतांश खर्च केंद्र आणि राज्य सरकारच्या अनुदानातून चाले. त्या आधारावरच हप्ता एवढा कमी ठेवता आला. म्हणजे गरिबांच्या वर्गणीतून रुग्णालये चालतील, असा धडा यातून कोणी काढू नये. पुढे विदर्भात सोयाबीन आले, ज्वारीचे क्षेत्र आटत गेले. ज्या पिकावर हप्ता बेतलेला होता, तेच शेतातून मागे सरले.

याच काळात नगर जिल्ह्यात जामखेडला दुसरा प्रयोग चालू होता. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये तिथे काम सुरू केले. गावातल्या, बहुतेक निरक्षर, बायकांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. सुरक्षित बाळंतपण, मुलांचे पोषण, स्वच्छ पाणी ही कामे त्या बायकांनी पेलली. १९७९मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ कार्यकर्ती आली. अशा प्रयोगांनी दाखवलेला अर्धा भाग अशा रीतीने देशभर पोचला.

दुसरा अर्धा भाग, म्हणजे रुग्णालयाच्या खर्चाची हमी, वेगळ्या वाटेने आला. राज्यात २ जुलै २०१२ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार आणि हप्ता सरकार भरणार, अशी तिची रचना होती. २०१७मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले आणि आता ही मर्यादा पाच लाखांवर गेली आहे. या योजनेने अनेक घरांतले दागिने आणि जमिनी वाचवल्या, हे मान्य करायलाच हवे.

पण हे दोन भाग एकमेकांना भेटत नाहीत. आशाचे काम एका यंत्रणेत मोजले जाते, कार्डाचे दुसरीत. रक्तदाब वाढलेल्या एका मजूर बाईचा विचार करा. गोळी आरोग्य केंद्रात मोफत मिळते, पण तिथे जायला एका दिवसाची मजुरी बुडते, आणि गोळ्या संपलेल्या असल्या तर तो दिवसही वाया जातो. ती गोळ्या सोडते. पुढे मूत्रपिंडे निकामी झाली की डायलिसिसचा खर्च कार्डातून होतो. आधीच्या वर्षांत तिच्या दारात नियमाने गोळी पोचवणे किती स्वस्त पडले असते, हे कुठल्याच वहीत लिहिले जात नाही. सेवाग्रामच्या योजनेत गावातला सेवक आणि रुग्णालयातली खाट एकाच निधीच्या दोन टोकांना होती. आजार वेळीच थांबला तर फायदा कोणाचा, हे तिथे सगळ्यांना दिसत होते.

ज्वारीचा हप्ता आता परत आणता येणार नाही आणि आणायचे कारणही नाही. पण त्यातली सभा आणता येईल. वर्षातून एकदा, नावे न घेता, ग्रामसभेत आपल्या गावाचा हिशेब वाचला जावा. कार्डावर यंदा किती जण भरती झाले, कशासाठी झाले, आणि त्यांतले किती आजार आरोग्य केंद्रातल्या गोळीने किंवा आशाच्या फेरीने टळले असते. या कामाला नवी योजना लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. आकडे सरकारकडे आहेतच. ते गावापुढे ठेवले गेले, तर गोळ्या का संपल्या होत्या हे विचारणारा कोणीतरी सभेत उभा राहील.