रग्बीत भारत? आहे ना!

रग्बी म्हटलं की आपल्याकडचे चाहते न्यूझीलंडपाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. भारताचा फॉर्म कसा आहे, असं कुणी विचारत नाही. मी चंद्रपूरचा, तिकडे कबड्डीपुढे काही नाही, तरी विचारतो!

इतिहास तसा जुना. १८७८मध्ये कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला, तेव्हा साहेबांनी खात्यातले चांदीचे रुपये वितळवून कप बनवला. त्याच 'कलकत्ता कप'साठी इंग्लंड-स्कॉटलंड १८७९पासून भिडतात. आपली चांदी, त्यांची मॅच... असो.

आपला महिलांचा पंधराजणींचा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय मैदानात उतरला २०१८मध्ये. सिंगापूरने हरवलं. पुढच्याच वर्षी जूनमध्ये, मनिलात, त्याच सिंगापूरला आपण २१-१९ असं हरवलं. कप्तान पुण्याची वाहबिझ भरुचा, निर्णायक किक सुमित्रा नायकची. ही सुमित्रा घडली भुवनेश्वरच्या 'किस' या आदिवासी मुलांच्या निवासी संस्थेत.

फॉर्मपेक्षा मला काळजी आहे ती बेंचची. पंधरा खेळणार, आठ राखीव; त्यात स्क्रमच्या पहिल्या फळीला त्याच जागेचे तयार खेळाडू लागतात. बदली नसेल तर स्क्रममधली ढकलाढकलीच बंद! एवढी माणसं मुंबई-पुण्याच्या जिमखान्यांतून कुठून येणार? ओडिशाने जंगलातली मुलं शोधली. मग गडचिरोलीच्या आश्रमशाळा का नकोत? कबड्डीतली पकड तिथल्या पोरांना शिकवायला नको, फक्त खांद्याच्या खाली धरा एवढं सांगायचं.