काचेमागचा समुद्र: मत्स्यालय आणि थकलेले मन

१/१२
जानेवारी १८५२. लंडनमधील एक निसर्गअभ्यासक पत्नी आणि लहान मुलासह डेव्हनच्या किनाऱ्याकडे निघाला. अखंड लेखन आणि अभ्यासाच्या ताणाने त्याची प्रकृती ढासळली होती. त्याचे नाव फिलिप हेन्री गॉस. घरोघरी मत्स्यालय पोहोचण्याच्या कथेत या आजारपणाला मोठे स्थान आहे. #थ्रेड #इतिहास

२/१२
डेव्हनमध्ये ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यांत पाणी साचून राही. त्यांत समुद्रफुले, खेकडे, कोळंब्या आणि रंगीत शेवाळ दिसे. गॉस तासन् तास तेथे रमू लागला. सापडलेले जीव तो बरण्यांतून घरी आणी. मात्र बंद पाण्यात ते टिकवायचे कसे, हा जुनाच प्रश्न समोर होता.

३/१२
त्याआधी, १८४०च्या दशकात ॲना थिन यांनी लंडनमध्ये समुद्री प्रवाळ जगवले होते. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राही. १८५०मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी मासे, गोगलगाय आणि पाणवनस्पती यांचा समतोल साधून दाखवला.

४/१२
तत्त्व सोपे होते. प्रकाशात वनस्पती प्राणवायू सोडतात, प्राणी तो घेतात; गोगलगाय कुजके अवशेष खाऊन पाणी निर्मळ ठेवते. गॉसनेही समुद्राच्या पाण्यावर असेच प्रयोग केले आणि ते १८५३च्या पुस्तकात मांडले. त्याच वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले.

५/१२
१८५४मध्ये त्याचे ‘द ॲक्वेरियम’ प्रसिद्ध झाले. पुस्तकाबरोबर हे नावही रूढ झाले आणि इंग्लंडमधील दिवाणखान्यांत काचपेट्या आल्या. काचपेटी रोजची निगा मागते: उडालेल्या पाण्याची भर घालणे, मेलेला जीव वेळीच काढणे, ऊन मोजके ठेवणे. तिच्यापुढे घाई चालत नाही.

६/१२
फेब्रुवारी १८५७मध्ये गॉसची पत्नी एमिली स्तनाच्या कर्करोगाने निवर्तली. त्याच वर्षी आलेल्या ‘ओम्फॅलोस’ या ग्रंथाची हेटाळणी झाली. सप्टेंबरमध्ये तो आठ वर्षांच्या एडमंडला घेऊन डेव्हनमधील सेंट मेरीचर्च येथे स्थायिक झाला आणि पुन्हा खडकांतील डबक्यांकडे वळला.

७/१२
त्या काळात त्याने ब्रिटनच्या समुद्रफुलांवरील मोठा ग्रंथ सिद्ध केला (१८५८-१८६०). यामुळे शोक सरला, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. त्याचा खरा आधार धर्मश्रद्धा होती. तथापि पाहणे, चितारणे, नोंदणे या क्रमाने त्या दिवसांना आकार दिला.

८/१२
मुलाच्या जन्मदिवशी गॉसने रोजनिशीत दोन नोंदी केल्या: मुलगा झाला, जमैकाहून एक हिरवी पाकोळी आली. हे वाचून आजचा वाचक त्याला चटकन ‘स्वमग्न’ ठरवील. एडमंडने मात्र पुढे वेगळा उलगडा केला: मुलगा आधी आला म्हणून त्याची नोंद आधी. वडिलांचा काटेकोरपणा तो असा!

९/१२
मेंदूंच्या घडणीतील भेद स्वाभाविक मानणारा ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द १९९०च्या दशकातला. रोजनिशीतील दोन ओळींवरून मृत माणसाचे निदान करणे इतिहासाला शोभत नाही. मात्र एकाच विषयात खोल बुडणाऱ्या, सूक्ष्म भेद टिपणाऱ्या मनाला मत्स्यालयाने हक्काचे स्थान दिले, एवढे निश्चित म्हणता येते.

१०/१२
पुढे शास्त्रानेही याची दखल घेतली. १९८४मध्ये अमेरिकेत ॲरन कॅचर आणि सहकाऱ्यांनी दातांच्या शस्त्रक्रियेपूर्वी काही रुग्णांना मत्स्यालयासमोर, तर काहींना भित्तिचित्रासमोर बसवले. मत्स्यालय पाहणारे शस्त्रक्रियेच्या वेळी अधिक निवांत होते. संमोहनाची जोड देऊनही त्यात विशेष भर पडली नाही.

११/१२
२०१५मध्ये डेव्हनमधल्याच प्लिमथच्या राष्ट्रीय सागरी मत्स्यालयातील अभ्यास प्रसिद्ध झाला. रिकाम्या टाकीत टप्प्याटप्प्याने मासे सोडले जात होते. जीवसृष्टी वाढली तसे प्रेक्षक अधिक वेळ रेंगाळले आणि त्यांच्या हृदयाची गती अधिक मंदावली. हा अर्थात क्षणिक परिणाम. उपचारांची जागा तो घेत नाही.

१२/१२
या शांततेची किंमत कोणी मोजली? गॉसची पुस्तके वाचून संग्राहकांच्या झुंडी किनाऱ्यावर आल्या आणि ती डबकी ओरबाडली गेली. १९०७च्या ‘फादर अँड सन’मध्ये एडमंडने लिहिले आहे, की या नाशाला आपणही कारण झालो याचे शल्य वडिलांना होते. थकलेल्या मनाला विसावा देणारी काचपेटी आतल्या जिवाची जबाबदारीही सोपवते. गॉसला हे उशिरा कळले. आज काचपेटी घरी आणणाऱ्याला ते आधीच ठाऊक असायला हवे.