पोच : पत्रव्यवहारातील एका संकेताचे स्थित्यंतर

पुणे-अहिल्यानगर मार्गावरील वाघोली हे गाव मराठ्यांच्या इतिहासात पिलाजीराव जाधवरावांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील या सरदाराच्या काळी राजकारणाचा बहुतेक व्यवहार जासुदांकरवी जाणाऱ्या मोडी पत्रांवर चाले. उत्तरादाखल येणाऱ्या पत्राच्या आरंभी एक वाक्य ठरल्यासारखे असे : ‘पत्र पाठविले ते पावले, लेखनाभिप्राय कळला.’ या वाक्यातील दोन क्रियापदे समानार्थक नव्हेत. ‘पावले’ हे कागदाविषयी आहे. ‘कळला’ हे वाचणाऱ्याच्या मनाविषयी आहे. दोहोंची ग्वाही घेणाराच देई. ती केव्हा द्यावी, किंबहुना द्यावी की नाही, हेही त्याच्याच हाती असे. पत्र मिळूनही मौन पाळणे हे राजकारणातील एक साधनच होते.

इंग्रजी अमदानीतील टपालखात्याने या संकेताला छापील रूप दिले. रजिस्टर पत्रासोबतच्या पोचपावतीवर घेणाऱ्याची सही होई. तीत ‘पावले’ एवढेच सिद्ध होई. पत्र वाचले की नाही, हे टपालखाते विचारीत नसे.

ई-मेलमध्ये हा संकेत पालटला. आरंभी या पत्रांत केवळ अक्षरे असत. १९९२ साली ‘माइम’ हे मानक प्रसिद्ध झाल्यावर पत्रासोबत चित्रे पाठविण्याची सर्वमान्य रीत सिद्ध झाली, व पुढे वेबपानासारखी सजविलेली पत्रे येऊ लागली. चित्र पत्राच्या आतच असेल, तर ते पाहिल्याने बाहेर काहीच कळत नाही. परंतु पत्रात केवळ चित्राचा पत्ता असेल, तर पत्र उघडताच वाचणाऱ्याचे यंत्र ते चित्र दूरच्या सर्व्हरकडून मागविते. प्रत्येक व्यक्तीसाठी निराळा पत्ता योजिला म्हणजे कोणी, केव्हा व कोणत्या प्रकारच्या यंत्रावर पत्र उघडले याची तेथे नोंद होते. आयपी पत्त्यावरून स्थळाचाही अदमास होतो. यासाठी एका बिंदूएवढे, डोळ्यांस न दिसणारे चित्रही पुरते.

घेणाऱ्याला विचारून पोच मागण्याचे रीतसर मानक १९९८ साली प्रसिद्ध झाले होते. परंतु त्यात नकाराला वाव होता. अदृश्य चित्रात तो नव्हता. जाहिरातदारांनी दुसरा मार्ग पत्करला, यात नवल नाही. याच मार्गाने लबाडीची पत्रे धाडणारासही कोणता पत्ता वापरात आहे हे कळते, आणि त्या पत्त्यावर पुढील फसवणूक योजिता येते.

प्रतिकारही झाला. आउटलुकच्या २००३ च्या आवृत्तीने बाहेरील चित्रे आपोआप आणणे थांबविले. २०१३ च्या डिसेंबरात जीमेलने चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणण्यास आरंभ केला. त्यामुळे वाचणाऱ्याचे स्थळ झाकले गेले. मात्र चित्रे आपोआप दिसू लागल्याने पत्र उघडल्याची वर्दी जातच राहिली. २०२१ मध्ये ॲपलने एक पर्याय दिला : तो निवडल्यास पत्र उघडले असो वा नसो, त्यातील चित्रे आधीच आणली जातात. परिणामी न वाचलेले पत्रही ‘उघडले’ म्हणून गणले जाते. उलटपक्षी, चित्रे बंद ठेवून संपूर्ण वाचलेले पत्र न उघडल्यात जमा होते. म्हणजे ही नोंद ‘कळले’ सांगण्याचा आव आणते, परंतु चित्र मागविले गेले यापलीकडे तिला काहीच ठाऊक नसते.

वाघोली २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. जेथे सरदारांचे जासूद येत, तेथील रहिवाशाच्या हाती आज बँकेची व दुकानदारांची पत्रे क्षणात येतात. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षणाच्या अधिनियमाने संमतीला महत्त्वाचे स्थान दिले. संमतीचे हे तत्त्व मराठी पत्रव्यवहाराला अपरिचित नव्हते. जासुदाने पत्र पोचवावे, आणि ते कळल्याचे घेणाऱ्याने आपल्या लेखणीने लिहावे, हीच त्याची मर्यादा होती. बाहेरील चित्रे आपोआप न आणण्याची सोय जो वाचक आपल्या यंत्रात करून ठेवतो, तो त्या मर्यादेचाच एक अंश परत मिळवितो.