आयरिसचा परफ्युम कसा असतो? बुलढाण्याच्या उन्हात तो चालतो का?

खोक्यावर जांभळं फूल असतं, पण बाटलीतला वास त्या फुलाचा नसतो. तो आयरिसच्या जमिनीखालच्या कंदाचा असतो. फसगत इथेच होते. गुलाब-मोगऱ्यासारखं काहीतरी येईल म्हणून ऑनलाइन मागवलं जातं आणि हाती येतो पावडरचा, थोडा मातीचा, थोडा गाजराचा वास. काहींना तर लिपस्टिक आठवते.

आपल्याकडचा वाळा किंवा वेखंड आठवून बघा. वास वेगळे, पण सुगंध तिथेही जमिनीखालीच असतो. आयरिसच्या ताज्या कंदाला मात्र हा वास नसतोच. सोलून, वाळवून तो साधारण 3 ते 5 वर्षं ठेवावा लागतो, तेव्हा कुठे त्यात 'आयरोन' हे सुगंधी घटक तयार होतात. एवढं करून टनभर कंदातून हाती लागतं ते जेमतेम काही किलो 'ओरिस बटर'. म्हणूनच ते इतकं महाग.

मग स्वस्त बाटलीत काय असतं? 1893 मध्ये टीमन आणि क्र्युगर या रसायनतज्ज्ञांनी आयरिसच्या वासाचा शोध घेता घेता 'आयोनोन' तयार केलं. बहुतेकदा त्याच कुटुंबातली रसायनं वापरतात. लेबलवर 'अल्फा-आयसोमिथाइल आयोनोन' दिसलं तर ते हेच. यात वाईट काही नाही, फक्त अस्सल कंदाची किंमत मोजू नका.

हा बायकांचा वास, हा समजही जुना झाला. 2005 चा 'डिओर होम' पुरुषांसाठीच होता आणि त्याचा जीव आयरिसमध्येच. अगदी मऊ प्रकार हवा असेल तर 2007 चा 'प्राडा इन्फ्युजन द'आयरिस'.

आता उन्हाचं. घाटावर बुलढाणा, चिखलीत हिवाळ्यात हा वास छान खुलतो, अंगाजवळ राहतो. घाटाखाली मलकापूर, शेगावला मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो. तिथे वरचा ताजेपणा लवकर उडतो आणि पावडर जड वाटू लागते. दोन फवारे पुरे. त्वचा कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा.

'अर्ध्या तासात वास गेला' ही तक्रार नेहमीची. बऱ्याचदा वास जात नाही, आपलं नाक त्याला सरावतं. आयोनोनच्या बाबतीत तर हे फारच पटकन होतं. आपण पुन्हा फवारतो आणि एसटीत शेजारचा खिडकी उघडतो.

पूर्ण बाटलीआधी 2 मिलीचं सॅम्पल घ्या आणि भर दुपारी स्टँडपर्यंत चालून या.