शेवट नसलेल्या गाडीची पाटी

गाडीच्या पाटीवर तिचे शेवटचे स्थानक लिहायचे, ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागचे गृहीतक ध्यानातच येत नाही. गाडीला शेवट असतो, हे ते गृहीतक. दादरच्या फलाटावर ‘बोरिवली’ वाचले की दिशा कळते. पण गोल फिरून निघाल्या जागी येणारी आणि तशीच पुढे जाणारी गाडी असेल, तर पाटीवर काय लिहायचे? शहरांतल्या वर्तुळाकार रेल्वेमार्गांचा इतिहास मी या एका प्रश्नाच्या अंगाने वाचत आलो आहे.

लंडनचे वर्तुळ १८८४ साली पूर्ण झाले, तेही मेट्रोपॉलिटन आणि डिस्ट्रिक्ट या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या हातून. पहिलीच्या गाड्या मुख्यतः घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत, दुसरीच्या उलट. त्यामुळे दिशा हाच धंद्याचा विषय झाला. लांबचा फेरा पडला तरी प्रवाशाने आपल्याच गाडीत बसावे, असे प्रत्येक कंपनीला वाटे. १९३३ मध्ये दोन्ही एका सार्वजनिक मंडळाखाली आल्या आणि ही ओढाताण संपली. गोंधळ मात्र उरला, कारण त्याचे मूळ भूमितीत होते. रेल्वेवाल्यांची भाषा ‘बाहेरचा रूळ’ आणि ‘आतला रूळ’ अशी. पण फलाटावर उभ्या माणसाला आत-बाहेर कसे दिसणार? ‘पूर्वेकडे’ म्हणावे, तर उत्तर भागात पूर्वेला जाणारी गाडी दक्षिण भागात पश्चिमेला जाते. आणि नुसते ‘सर्कल लाइन’ लिहावे, तर समोरासमोरच्या दोन्ही फलाटांवर नाव एकच.

डिसेंबर २००९ मध्ये लंडनने हे वर्तुळच तोडले. वर्तुळात गाडीला टेकायला जागा नसते, म्हणून एकदा झालेला उशीर फिरतच राहतो. हे त्याचे मोठे कारण. आता गाडी हॅमरस्मिथहून निघते, एजवेअर रोडवरून पूर्ण फेरा मारते आणि एजवेअर रोडलाच संपते. शेवट मिळाला, पण तो वाटेत एकदा येऊन गेलेला! म्हणून पाटीवर ‘अमुक मार्गे’ जोडावे लागते.

टोकियोचे यामानोते वर्तुळ १९२५ साली जुळले. तिथेही आतला-बाहेरचा फेरा असे शब्द आहेत. पण त्यांच्या जोडीला पुढे येणाऱ्या मोठ्या स्थानकांची नावे सांगतात, आणि गाडी सरकते तशी ती बदलतात. बर्लिनमध्ये २००६ पासून गाड्या न थांबता पूर्ण फेरा घेतात. तिथे दोन दिशांना एस४१ आणि एस४२ असे दोन क्रमांक आहेत. मॉस्कोच्या वर्तुळमार्गावर तर घोषणेचा आवाजच दिशा सांगतो: काट्यांप्रमाणे पुरुषाचा, उलट दिशेला स्त्रीचा. अंध प्रवाशालाही तो पुरतो.

क्रमांक आणि आवाज रोजच्या प्रवाशाला सोयीचे, पण ते आधी ठाऊक असावे लागतात. नवख्या माणसाला टोकियोची रीतच जवळची, असे माझे मत आहे; ती नकाशावरून नव्हे, फलाटावरून बोलते. वर्तुळावर उलट दिशेला बसलेला माणूसही अखेर पोहोचतोच. म्हणूनच त्याचा वाया गेलेला वेळ कुणाच्या हिशेबात येत नाही, आणि पाटी सुधारायची निकड कुणाला भासत नाही.