माहितीपटातील प्रयोग : निवेदक गेल्यानंतर

माहितीपट म्हटला की आमच्या पिढीला मुख्य चित्रपटाआधीची फिल्म्स डिव्हिजनची रिळे आठवतात. धरणे, खते, कुटुंबनियोजन आणि पडद्याआडून येणारा भारदस्त आवाज. आवाज सांगणार आणि चित्राने मान डोलवायची, असा तो मामला. बरेच प्रेक्षक तेवढ्या वेळात चहा उरकून येत.

१९४८ साली मुंबईत सुरू झालेल्या याच सरकारी खात्यात साठच्या दशकात निवेदकाला रजा देण्याचे धाडस झाले. जीन भावनगरी यांनी नव्या मंडळींना मोकळीक दिली. पंढरपूरचा जन्म आणि इंदूरचे बालपण असलेले मकबूल फिदा हुसेन यांनी १९६७ मध्ये राजस्थानात 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' केला. छत्री, कंदील, जोडा अशा वस्तू त्यात पुन्हा पुन्हा येतात, पण त्यांचा अर्थ सांगणारे कोणी नाही. बर्लिनला त्या लघुपटास सुवर्ण अस्वल मिळाले.

आम्हाला मात्र त्याच वर्षीचा एस. एन. एस. शास्त्री यांचा 'आय अ‍ॅम ट्वेंटी' अधिक मोलाचा वाटतो. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या तरुणांना देशाबद्दल विचारले आणि उत्तरे जशी आली तशी ठेवली. कोणी आशावादी, कोणी चिडलेला, कोणाला देशाचे काहीच वाटत नाही. सरकारी पैशाने काढलेल्या पटात, बरोबर कोण हे सांगायला कोणी नाही! प्रमोद पती यांचा 'आबिद' (१९७२) वेगळ्या वाटेचा. त्यात जिवंत चित्रकाराला एकेक चौकट टिपून बाहुल्यासारखे हलवले आहे.

पुढे मणी कौल यांच्या 'सिद्धेश्वरी'त (१९८९) ठुमरी गायिकेची भूमिका मिता वसिष्ठ यांनी केली. म्हणजे चरित्रपटात अभिनय आला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या पायल कपाडिया यांनी 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग'मध्ये (२०२१) याही पुढचे पाऊल टाकले. विद्यार्थी आंदोलनांची दृश्ये खरी, पण त्यांना जोडणारी एका विद्यार्थिनीची प्रेमपत्रे कल्पित.

इथे आमच्या काही सभासदांची हरकत असते, आणि ती अगदीच गैर नाही. पत्रे कल्पित आहेत हे ठाऊक नसलेला प्रेक्षक ती खरी मानणारच. पण जुन्या रिळांतला तो भारदस्त आवाजही कोणीतरी लिहून दिलेलाच असे, आणि त्यावर शंका घ्यायचे आपल्याला सुचले नव्हते. कान महोत्सवात कपाडिया यांच्या या पटाला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचाच पुरस्कार मिळाला.