सख्र: टीव्हीला जोडलेला अरबी संगणक

सौदी अरेबियात 1965 साली टेलिव्हिजन सुरू झाला, तेव्हा त्याच्या विरोधात रियाधमधल्या केंद्रावर जमाव चालून गेला. जमावाचा म्होरक्या राजघराण्यातलाच होता, खालिद बिन मुसाइद. त्या प्रकरणात पोलिसांच्या गोळीने तो मारला गेला. दहा वर्षांनी, मार्च 1975 मध्ये, त्याच्याच भावाने राजे फैसल यांचा खून केला. ‘टीव्हीने राजाचा बळी घेतला’ असे सोपे समीकरण मांडणारे बरेच आहेत. खुनामागच्या कारणांवर अजून वाद आहे, म्हणून त्यात शिरत नाही. एवढे मात्र खरे की तो डबा घरात घ्यावा की नाही, हा तेव्हा जिवावरचा प्रश्न होता. आपल्या मोहल्ल्यांतही हा वाद पुढे बरीच वर्षे रंगला. अजूनही तो पूर्ण मिटला आहे असे नाही.

आणि त्यानंतर जेमतेम वीस वर्षांत अरब घरांमध्ये त्याच डब्यावर कुरआनच्या आयती उमटू लागल्या. हे कोणत्या फतव्याने झाले नाही. कुवेतच्या एका माणसाने टीव्हीला संगणक जोडला, त्यामुळे झाले.

मुहम्मद अश्शारेख यांचा जन्म 1942 चा, शिक्षण अर्थशास्त्राचे, सुरुवातीची कारकीर्द विकासनिधी आणि बँकेतली. 1982 मध्ये त्यांनी संगणकाला अरबी शिकवण्याचे काम हाती घेतले. पुढे ते ‘सख्र’ या नावाने ओळखले गेले. सख्र म्हणजे खडक. अरबी शायरीच्या वाचकाला मात्र खन्साचा भाऊ सख्र आठवतो, ज्याच्यासाठी तिने आयुष्यभर मर्सिये रचले.

संगणक टीव्हीला जोडण्याची युक्ती अर्थातच शारेख यांची नव्हती. अमेरिकेत डॉन लँकॅस्टर यांनी 1973 मध्ये घरच्या टीव्हीवर अक्षरे उमटवणाऱ्या यंत्राचा आराखडा एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात दिला. ओळीत 32 अक्षरे, अशा 16 ओळी. नंतर ॲपलचा पहिला संगणक आला, 1982 मध्ये ब्रिटनचा स्पेक्ट्रम आला. कारण एकच: वेगळा मॉनिटर महाग आणि टीव्ही घरात आधीच असलेला. संगणकातला एक छोटा भाग, मॉड्युलेटर, चित्राचे रूपांतर प्रक्षेपणासारख्या लहरीत करतो. तिची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या जागी लावायची आणि एखादे रिकामे चॅनेल जुळवायचे. टीव्हीच्या दृष्टीने संगणक म्हणजे आणखी एक केंद्र. फरक इतकाच की या केंद्रावरून काय दाखवायचे ते घरातला माणूस ठरवणार.

1983 मध्ये जपानच्या काझुहिको निशी यांनी मायक्रोसॉफ्टला सोबत घेऊन ‘एमएसएक्स’ नावाचा घरगुती संगणकाचा समान साचा जाहीर केला. शारेख यांनी तोच धरला. यामाहासारख्या जपानी कंपन्यांकडून यंत्रे बनवून घेतली, कीबोर्डवर अरबी आणि इंग्रजी अक्षरे छापली, आणि आतली भाषाही अरबी केली. पोराला प्रोग्रॅम लिहायचा तर आज्ञाही अरबीत देता येऊ लागल्या.

खरी अडचण पडद्याची होती. एमएसएक्सच्या पहिल्या पिढीत चित्र आडवे 256 आणि उभे 192 ठिपक्यांचे. एका अक्षराच्या वाट्याला साधारण आठ बाय आठचा चौकोन. इंग्रजीला तेवढे पुरते. अरबी अक्षर मात्र शब्दाच्या आरंभी, मध्ये, शेवटी आणि सुटे असताना वेगवेगळे रूप घेते. ‘शीन’चे तीन दाते आणि वरचे तीन नुक्ते आठ ठिपक्यांत कसे बसवणार? शिवाय टीव्ही हे लांबून बघायचे यंत्र. अँटेनाच्या वाटेने आलेले चित्र कडांना पसरते, लाल रंग तर सांडल्यासारखा दिसतो, आणि चौकटीच्या कडेचा भाग पडद्याबाहेर जातो. बातमीत एखादा नुक्ता पुसट झाला तरी वाचक समजून घेतो. कुरआनमध्ये एक नुक्ता किंवा जबर-जेर बदलला तर शब्द बदलतो, आणि तिथे चूक चालत नाही.

दुसरी अडचण जागेची. कुरआनमधली नुसती अक्षरेच तीन लाखांच्या वर, एराब वेगळे. या संगणकाची मेमरी 64 किलोबाइट, म्हणजे सुमारे 65 हजार अक्षरांपुरती. सगळा मजकूर एका वेळी आत मावणे शक्य नव्हते. तरीही ऐंशीच्या दशकाच्या मध्यात सख्रने कुरआनचा प्रोग्रॅम आणला. छापील मुसहफच्या देखणेपणाच्या जवळपासही तो पडदा जात नव्हता. आमच्या उलेमांच्या टीव्हीवरच्या चर्चा वाचताना मला नेहमी वाटते की त्या पडद्यावर काय ‘दाखवले जाते’ याभोवतीच फिरतात. त्यावर आपण काय लिहू शकतो, हा प्रश्न या कुवेती माणसाने विचारला.

आपल्याकडची गोष्ट वेगळी घडली. कोकणातल्या मुस्लिम गावांत रंगीत टीव्ही आखाताच्या सामानातून आले. कुवेतला गेलेलेही त्यात कमी नव्हते. पण भारतात 1988 मध्ये डेसिबेल्स कंपनीने परवान्यावर आणलेला टीव्हीला जोडायचा स्पेक्ट्रम इंग्रजीच बोलत होता. शाळांना सरकारी योजनेतून मिळालेले बीबीसी मायक्रोही तसेच. देवनागरी आली ती आयआयटी कानपूरमध्ये सुरू होऊन पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या ‘जिस्ट’ तंत्रातून, आणि तीही मॉनिटरवाल्या पीसीत बसवायच्या कार्डावर. म्हणजे आपली लिपी आधी ऑफिसात पोचली आणि अरबी आधी दिवाणखान्यात. मराठीत प्रोग्रॅम लिहिणारी पोरे त्या काळात का निपजली नाहीत, याचे निम्मे उत्तर मला इथे दिसते. उर्दूची अवस्था तर आणखी बिकट; तिथे अखबार अजून कातिबच्या हाताने लिहिले जात होते.

2 ऑगस्ट 1990 रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि सख्रला तिथून बाहेर पडावे लागले. तोवर एमएसएक्सचे दिवसही संपत आले होते. शारेख यांनी यंत्रे सोडून सगळी ताकद पीसीवरच्या अरबी सॉफ्टवेअरकडे वळवली. हदीसच्या नऊ ग्रंथांचा संगणकीय संच त्यातूनच आला. 2021 चा इस्लामसेवेसाठीचा किंग फैसल पुरस्कार त्यांना मिळाला, म्हणजे ज्या राजाने टीव्ही आणला त्याच्याच नावाचा. मार्च 2024 मध्ये ते वारले. जुन्या अरबी साहित्यिक नियतकालिकांचा त्यांनी उभा केलेला संग्रह आज मोबाइलवर उघडतो, प्रत्येक नुक्त्यासकट.